गजबजलेल्या आकाशातील अध्यापन

ज्या शिक्षकाचा वर्ग सेकंदाला पन्नास मीटर इतक्या वेगाने पुढे सरकत असतो, ज्याच्या विद्यार्थ्याच्या हाती पहिल्या दिवसापासून खऱ्याखुऱ्या विमानाचे नियंत्रण असते, आणि ज्याला चुकलेले पुसून पुन्हा लिहिण्याची मुभा कधीच नसते, त्या विमानप्रशिक्षकास एकाच वेळी दोन ठिकाणी दृष्टी ठेवावी लागते: शेजारच्या आसनावरील विद्यार्थ्यावर आणि काचेपलीकडील आकाशावर. गावच्या विहिरीत पोहायला शिकवणारा जाणता माणूस पाठीला भोपळा बांधलेल्या नवशिक्याचे हातपाय न्याहाळीत असतानाच काठावरून उडी घेण्याच्या बेतात कोण उभा आहे याचीही खबर राखून असतो. हे काम त्याच जातीचे आहे, फरक इतकाच की येथे काठ दिसत नाही आणि उडी घेणारा कोणत्याही दिशेने येऊ शकतो. धुळे, शिरपूर, गोंदिया, बारामती येथील प्रशिक्षणतळांवर आणि परदेशातील उड्डाणशाळांतही आपले अनेक मराठी तरुण-तरुणी व्यावसायिक परवान्यापाठोपाठ प्रशिक्षकाची अर्हता मिळवून कामावर रुजू होतात, आणि स्वतःच्या अनुभवाची पुंजी अद्याप बेताचीच असताना दुसऱ्याच्या जिवाची जोखीम त्यांच्या शिरावर येते. प्रस्तुत लेख मुख्यतः त्यांच्यासाठी आहे.

गर्दीचे आकाश म्हणजे काय, हे ध्यानी येण्यास अमेरिकेच्या अ‍ॅरिझोना राज्यातील फिनिक्स शहराच्या उत्तरेस असलेल्या डिअर व्हॅली या विमानतळाचे उदाहरण पुरेसे आहे. मोठी प्रवासी विमाने जेथे उतरतात तो हा तळ नव्हे. तरीही काही वर्षी येथील उड्डाणे व अवतरणे मिळून चार लाखांच्या पुढे गेली आहेत, आणि त्यांतील फार मोठा भाग शिकाऊ विमानांचा आहे. पूर्व-पश्चिम पसरलेल्या दोन समांतर धावपट्ट्या, एक ८,१९६ फुटांची व दुसरी ४,५०० फुटांची. दक्षिणेस फिनिक्सच्या मुख्य विमानतळाची वरवर रुंदावत जाणारी नियंत्रित हद्द. पश्चिमेस लढाऊ वैमानिक घडवणारा ल्यूक हा हवाई दलाचा तळ. पूर्वेस व्यापारी धनिकांच्या जेट विमानांनी गजबजलेले स्कॉट्सडेल. आणि उत्तरेकडील वाळवंटावर प्रत्येक शाळेची विमाने ज्या एकाच सरावक्षेत्रात घिरट्या घालतात ते क्षेत्र. त्यात तेथील उन्हाळ्याची भर पडते. दुपारी तापमान चाळीस अंशांच्या पलीकडे जाते, हवा विरळ होऊन लहान इंजिनांचा दम तुटतो, आणि म्हणून सर्वच शाळा आपापली उड्डाणे पहाटेकडे ढकलतात. परिणाम असा होतो की आकाश ज्या घटकेस सर्वांत दाट असते त्याच घटकेस सूर्य क्षितिजालगत असतो, आणि पूर्वाभिमुख उतरणाऱ्या विमानाच्या काचेत तो जवळजवळ समोरून शिरतो. हा काही कोणाचा कसूर नव्हे. परंतु या गोष्टीची आगाऊ जाणीव नसलेला प्रशिक्षक त्या तळावर पहिल्याच आठवड्यात गोंधळून जाईल.

परिस्थितीचे भान या विषयाची शास्त्रीय मांडणी मायका एन्ड्सली या अमेरिकन विदुषीने १९९५ साली प्रसिद्ध केलेल्या शोधनिबंधात केली, आणि ती आजही प्रमाण मानली जाते. तिच्या मते या भानाच्या तीन पायऱ्या आहेत: भोवताली काय आहे ते टिपणे, त्याचा अर्थ लावणे, आणि त्यावरून पुढे काय घडेल याचा अदमास बांधणे. रेडिओवर एखादे सेसना दहा मैलांवरून येत असल्याचे ऐकणे ही पहिली पायरी झाली. ते आपल्याच धावपट्टीकडे आणि आपल्याहून अधिक वेगाने येत आहे हे उमजणे ही दुसरी. आणि आपण बेसला वळू त्याच सुमारास ते फायनलवर आपल्या पुढ्यात येईल हे आधी कळणे ही तिसरी. नवशिका पहिल्या पायरीवरच थकतो, कारण विमान सरळ ठेवण्यातच त्याचे सारे अवधान खर्ची पडते. प्रशिक्षकाला तिन्ही पायऱ्या अवगत असतात यात शंका नाही; पण त्याची अडचण निराळीच आहे, आणि या लेखात मला जे सांगावयाचे आहे ते येथेच आहे. त्याचे अवधान चोरणारी सर्वांत मोठी गोष्ट त्याचे स्वतःचे शिकवणे हीच असते. विद्यार्थी चुकतो, ती चूक का झाली हे समजावण्याची ऊर्मी कोणत्याही प्रामाणिक शिक्षकास आवरत नाही, आणि समजावण्यासाठी शब्द शोधीत असताना डोळे वेगदर्शकावर खिळतात, कान रेडिओवरून निघतात, आणि आकाशाचे मनातील चित्र अर्धा मिनिट जुने होते. अर्ध्या मिनिटात शंभर नॉट वेगाचे विमान दीड किलोमीटर पुढे गेलेले असते.

ही ओढ किती बलवत्तर असते याचा सर्वांत भीषण दाखला अध्यापनातला नसून प्रवासी विमानातला आहे. २९ डिसेंबर १९७२ च्या रात्री ईस्टर्न एअर लाइन्सचे मायामीस निघालेले ट्रायस्टार विमान पुढचे चाक खाली आल्याचा दिवा लागेना म्हणून दोन हजार फुटांवर घिरट्या घालीत राहिले; अनुभवी वैमानिक त्या एका दिव्यात इतके गुंतले की स्वयंचलित यंत्रणेने धरून ठेवलेली उंची सुटली आहे आणि विमान हळूहळू खाली जात आहे याचा पत्ता एकालाही लागला नाही. फ्लोरिडाच्या दलदलीत ते कोसळले आणि १०१ माणसे प्राणास मुकली. दिवा फक्त जळालेला होता. अनुभवी मंडळींची ही गत, तर एकट्याने सारे पाहणाऱ्या तरुण प्रशिक्षकाचे लक्ष शिष्याच्या एका वेड्यावाकड्या वळणाने वेधले जाणे अगदी स्वाभाविक आहे; म्हणूनच ते न होण्याची तजवीज आधीपासून करून ठेवावी लागते.

ही तजवीज जमिनीवर सुरू होते. उड्डाणापूर्वीचा अर्धा तास हा प्रशिक्षणाचा सर्वांत स्वस्त आणि सर्वांत निर्धोक भाग होय, व तो चहात किंवा कागदपत्रांत घालवू नये. पाटीवर किंवा साध्या कागदावर तळाचा नकाशा विद्यार्थ्याकडून काढून घ्यावा: आज कोणती धावपट्टी चालू आहे, वारा कोठून आहे, सूर्य कोणत्या बाजूस असेल, हेलिकॉप्टरे कोणत्या वाटेने येतात, सरावक्षेत्रात कोणत्या खुणेवरून शिरावयाचे व कोणत्या उंचीने परतावयाचे. त्यानंतर कामांची वाटणी मुक्रर करावी. रेडिओवर आज कोण बोलणार? डावीकडचे आकाश कोणाचे, उजवीकडचे कोणाचे? पहिल्या काही उड्डाणांत रेडिओ संपूर्ण प्रशिक्षकाने सांभाळावा, असे माझे मत आहे; विद्यार्थ्याला बोलण्याची हौस असते, पण विमान सांभाळता सांभाळता नियंत्रकाचे झरझर येणारे शब्द पकडण्याची त्याची शक्ती अद्याप तयार झालेली नसते, आणि तो चुकीचे उत्तर देऊन बसला तर ते निस्तरण्यात प्रशिक्षकाचीच दृष्टी आत ओढली जाते. उड्डाणात जे शिकवावयाचे ते सगळे आधी खुर्चीत बसून सांगून टाकावे, म्हणजे वर गेल्यावर आठवण करून देण्यापुरता एक शब्द पुरेसा होतो.

वर गेल्यावर कोठे बोलावयाचे आणि कोठे बोलावयाचे नाही, याची सीमा आखून घेणे हे या विद्येतील मर्म आहे. अमेरिकेत १९८१ पासून प्रवासी विमानांस असा नियम लागू आहे की जमिनीवर विमान फिरत असताना, उड्डाणाच्या व अवतरणाच्या समयी, आणि दहा हजार फुटांच्या खाली असताना सरळ क्रमणाचा काळ सोडून इतर सर्व वेळ, वैमानिकांनी कर्तव्याबाहेरचे काहीही बोलू अथवा करू नये. १९७४ साली शार्लट येथे उतरताना वैमानिक इकडच्यातिकडच्या गप्पांत असलेले विमान कोसळले, त्यातून हा नियम जन्मास आला. शिकाऊ विमान तर बहुधा दहा हजार फुटांच्या खालीच उडते, तेव्हा तो नियम जसाच्या तसा घेतला तर शिकवणेच बंद पडेल. परंतु त्यातील तत्त्व घेता येते. सर्किटमध्ये, म्हणजे उड्डाणापासून डाऊनविंड, बेस, फायनल असे फिरून पुन्हा उतरेपर्यंतच्या त्या चौकोनात, केवळ आज्ञावाचक लहान शब्द वापरावेत: 'वेग', 'नाक खाली', 'उजवा रडर', 'बाहेर पाहा'. कारणमीमांसा तहकूब ठेवावी. विद्यार्थ्याने बेसचे वळण उशिरा घेतले म्हणून फायनल ओलांडले, तर तेथेच त्याला वाऱ्याचे गणित सांगत बसण्याने दोघांचीही दृष्टी आत जाते, आणि तीही नेमकी अशा जागी की जेथे समांतर धावपट्टीचे दुसरे विमान शेजारून येत असते. गो-अराउंड करावे, वर चढावे, आणि ते गणित विमान उभे केल्यावर, पंखा थांबल्यावर सांगावे. मुकाट बसणे शिक्षकास कठीण जाते हे खरे, परंतु ज्या तळावर दर मिनिटास नवे विमान येते तेथे प्रशिक्षकाचे मौन हा अध्यापनाचाच भाग समजला पाहिजे.

आता दृष्टीविषयी थोडे विस्ताराने लिहितो, कारण 'बाहेर पाहा' असे सांगणे सोपे असून कसे पाहावे हे क्वचितच कोणी शिकवते. मोकळ्या निळ्या आकाशात डोळ्यांना टेकण्यास काही नसले की ते आपोआप अवघ्या एक-दोन मीटरांवर स्थिरावतात, आणि मैलावरचा ठिपका दृष्टीच्या कक्षेत असूनही दिसत नाही. यास्तव आधी दूरच्या डोंगरावर किंवा ढगाच्या कडेवर नजर टेकवून मगच आकाश तपासावे. नजर सरसकट फिरवू नये. फिरत्या डोळ्याला बारीक वस्तू दिसत नाही; सुमारे दहा-दहा अंशांचे तुकडे करून प्रत्येकावर किमान एक सेकंद थांबावे आणि मग पुढे जावे. तिसरी गोष्ट अशी की ज्या विमानाशी आपली टक्कर होणार असते ते काचेवर हलत नाही. काचेवर सरकणारा ठिपका आपल्याला टाळून जाईल. एकाच जागी राहून केवळ मोठा होणारा ठिपका हा शत्रू होय, आणि दुर्दैव असे की मानवी डोळा हलणारी वस्तू चटकन टिपतो व स्थिर वस्तूकडे दुर्लक्ष करतो. काचेच्या चौकटीमागे असा ठिपका दडला असेल तर तो शेवटपर्यंत दडूनच राहतो, म्हणून अधूनमधून डोके पुढे-मागे करून चौकटीच्या पलीकडे पाहण्याची सवय विद्यार्थ्यास लावावी.

अमेरिकेच्या विमानवाहतूक खात्याने वैमानिकांसाठी काढलेल्या सूचनापत्रकात एक हिशेब दिलेला आहे: वस्तू दिसून ती विमान आहे हे ओळखण्यास एक सेकंदाहून थोडे अधिक, ती आपल्यावरच येत आहे हे उमजण्यास पाच, काय करावे हे ठरवण्यास चार, हात हलण्यास अर्ध्याहून कमी, आणि विमानाने प्रत्यक्ष वळण्यास दोन, एकंदर साडेबारा सेकंद. शंभर नॉट वेगाची दोन विमाने समोरासमोर आली तर साडेबारा सेकंदांत त्यांच्यामधील अंतर सुमारे तेराशे मीटरांनी घटते. तेराशे मीटरांवरून सेसना १७२ च्या अकरा मीटर पंखांची सारी रुंदी पौर्णिमेच्या चंद्रबिंबाइतकी दिसते, आणि मधला देह त्याच्याही एका लहान अंशाएवढा. जे विमान याहून उशिरा दिसले ते टाळण्यास अवधी उरलेला नसतो, असा याचा सरळ अर्थ आहे. आणि हा हिशेब ज्याचे डोळे बाहेरच होते त्याचा; जो वेगदर्शकाकडे बोट दाखवून व्याख्यान देत होता त्याचा हिशेब मांडण्यात अर्थ नाही.

विमानाची घडणही काही भाग झाकते. सेसनाचा पंख डोक्यावर असल्याने डावीकडे वळताना तोच पंख खाली येऊन, जिकडे जावयाचे ती दिशा झाकतो. म्हणून वळण्यापूर्वी त्या बाजूचा पंख क्षणभर उचलून पाहणे हा शिस्तीचा भाग करावा. पायपरचा पंख खाली असतो, तो खालचे आकाश झाकतो. फायनलवर वर पायपर आणि खाली सेसना असे एकाच रेषेत उतरू लागले की एकालाही दुसरा दिसत नाही, आणि हवेतील टकरींची ही एक नेहमीची रीत आहे. अशा टकरी बहुतांशी स्वच्छ हवेत, दिवसाउजेडी आणि विमानतळाच्या जवळपासच होतात. १ ऑक्टोबर २०२१ च्या सकाळी फिनिक्सच्याच परिसरातील चँडलर येथे एक शिकाऊ हेलिकॉप्टर व एक शिकाऊ विमान तळाजवळ आदळले, विमान कसेबसे उतरले आणि हेलिकॉप्टरमधील दोघेही गेले. ५ मार्च २०२४ रोजी नैरोबीच्या राष्ट्रीय उद्यानावर एका प्रवासी डॅश-८ विमानाची व प्रशिक्षणाच्या सेसनाची टक्कर झाली. प्रवासी विमान सुखरूप परतले, सेसनातील प्रशिक्षक व विद्यार्थी वाचले नाहीत.

डोळ्यांइतकेच कानांनीही आकाश पाहता येते. रेडिओवरील प्रत्येक वाक्य आपल्याला उद्देशून नसले तरी आपल्याविषयीचे असू शकते, हे विद्यार्थ्यास पटवावे. आणि ते पटवण्याचा उत्तम मार्ग म्हणजे डाऊनविंडवर सरळ जात असताना, काही निवांत क्षण मिळताच, त्याला एवढेच विचारणे की आपल्या पुढे कोण आहे, मागे कोण आहे आणि आत्ता उड्डाणास परवानगी कोणाला मिळाली. सुरुवातीस तो गडबडतो. चार-सहा उड्डाणांनंतर तो विचारण्याआधीच सांगू लागतो. नियंत्रकाने एखादे विमान दाखवले तर ते खरोखर दिसल्याशिवाय 'ट्रॅफिक इन साइट' असे कदापि म्हणू नये, कारण त्या तीन शब्दांनी अंतर राखण्याची जबाबदारी नियंत्रकाकडून आपल्याकडे येते. डिअर व्हॅलीसारख्या तळावर एकाच रंगाची पाच-सहा सेसना एका वेळी सर्किटमध्ये असतात. तेथे 'पुढील सेसनाच्या मागे या' असा हुकूम आला तर कोणती सेसना हे विचारून घेण्यात लाज नाही, दिसेल तीच आपली समजण्यात मात्र धोका आहे. पुढचे विमान फायनलवर आपल्या पंखाच्या बरोबर आडवे येऊन मागे जाईपर्यंत बेसला वळू नये, हा जुना नियम अशा वेळी फार उपयोगी पडतो.

मनात ठसलेले चित्र डोळ्यांसमोरच्या सत्यावर कशी मात करते, याचे दाखले शोधण्यास आपल्याला मुंबईबाहेर जावयास नको. जुहू आणि सांताक्रूझ येथील धावपट्ट्या एकमेकींजवळ असून त्यांची दिशाही जवळजवळ एकच आहे. १५ जुलै १९५३ रोजी ब्रिटिश कंपनीचे एक कॉमेट जेट सांताक्रूझऐवजी जुहूच्या आखूड पट्टीवर उतरले, आणि पुढे २४ सप्टेंबर १९७२ रोजी जपान एअरलाइन्सच्या डीसी-८ विमानाने तीच चूक केली व ते पट्टी संपून पुढे गेले. दोन्ही वेळी विमान हाताळणारे पेशाने निष्णात होते. धावपट्टी दिसली, ती अपेक्षित जागेच्या आसपास दिसली, आणि मनाने होकार दिला. समांतर पट्ट्यांच्या तळावर विद्यार्थी उजव्याऐवजी डाव्या पट्टीस लागतो तो याच रीतीने; म्हणून फायनलवर वळताच पट्टीचा क्रमांक दोघांनीही मोठ्याने उच्चारावा आणि दिशादर्शकाशी ताडून पाहावा.

सरावक्षेत्रात गेल्यावर प्रशिक्षक सैल होतो. तेथे नियंत्रकाचा आवाज नसतो, जागा मोठी वाटते, आणि शिकवण्यास अवसर मिळतो. वस्तुतः तेथेच चहूकडे अशीच शिकाऊ विमाने वळणे घेत, नाक वर करीत, स्टॉल होऊन खाली झेपावत असतात. स्टॉल असो की तीव्र वळण असो, प्रत्येक कसरतीपूर्वी दोन्ही बाजूंस नव्वद-नव्वद अंश वळून खालचे व मागचे आकाश तपासावे आणि आपली जागा व उंची सामायिक लहरीवर सांगावी. उपकरणांवरून उडण्याच्या सरावासाठी विद्यार्थ्याच्या कपाळावर झापड चढवली की त्या विमानात आकाश पाहणारे डोळे एकाच माणसाचे उरतात, ही गोष्ट झापड चढवण्यापूर्वी स्वतःशी उच्चारून घ्यावी. आणि त्या काळात नकाशे उघडणे किंवा पुढील धड्याची टिपणे काढणे सर्वस्वी वर्ज्य समजावे. उलटपक्षी ज्या विद्यार्थ्याची नजर सतत आत राहते त्याची उपकरणे काही काळ कागदाने झाकून टाकावीत. क्षितिज आणि इंजिनाचा आवाज एवढ्यावर विमान उडते, हा त्याला मोठा शोध वाटतो, आणि डोळे बाहेर राहू लागतात.

विमानाचा ताबा केव्हा घ्यावा, हा प्रश्न नव्या प्रशिक्षकास फार छळतो. घाई केली तर विद्यार्थी शिकत नाही, उशीर केला तर शिकण्यास कोणी उरत नाही. यावर उपाय एकच, मर्यादा जमिनीवरच ठरवून टाकणे. सर्किटमध्ये तीस अंशांहून अधिक कल, फायनलवर ठरलेल्या वेगाहून पाच नॉट कमी, नियंत्रकाची हाक दोनदा येऊनही उत्तर नाही, अशा खुणा आधी विद्यार्थ्यास सांगाव्यात आणि त्यांपैकी एकही ओलांडली गेली की चर्चा न करता 'आय हॅव कंट्रोल' म्हणावे. विद्यार्थ्याने 'यू हॅव कंट्रोल' म्हणून हात सोडावेत आणि प्रशिक्षकाने पुन्हा एकदा 'आय हॅव कंट्रोल' असे उच्चारावे. हा तिहेरी उच्चार गाळल्यामुळे दोघांनाही दुसराच विमान उडवीत असल्याचे वाटले, असे प्रकार घडले आहेत. गर्दीच्या तळावर या मर्यादा निवांत तळावरच्यापेक्षा अरुंद ठेवाव्यात, कारण तेथे विद्यार्थ्याची चूक सुधारण्यास जो वेळ लागतो तो आकाशाकडून उसना घेतलेला असतो.

आपले भान निसटू लागल्याची लक्षणे प्रशिक्षकाने स्वतःमध्ये ओळखावयास शिकले पाहिजे. शेवटची रेडिओवाणी काय होती हे आठवत नाही. विद्यार्थ्याला तेच वाक्य तिसऱ्यांदा आणि चढ्या आवाजात सांगितले जात आहे. नियंत्रकाने दाखवलेले विमान अद्याप दिसलेले नाही आणि तरी आपण दुसऱ्याच विषयाकडे वळलो आहोत. यांपैकी एक जरी आढळले तरी धडा त्याच क्षणी थांबवावा, ताबा घ्यावा, विमान सरळ करावे, आणि नियंत्रकास 'अनेबल' किंवा 'स्टँड बाय' असे निःसंकोच कळवावे. आधी विमान सांभाळणे, मग दिशा, आणि त्यानंतर बोलणे, हा क्रम कधीही उलटा होऊ देऊ नये. जरूर पडल्यास सर्किट सोडून बाहेर पडावे व पुन्हा रांगेत यावे. पेट्रोलचा आणि पैशाचा जो खर्च होईल तो होऊ द्यावा.

आपल्याकडच्या विद्यार्थ्यांच्या बाबतीत एक गोष्ट विशेष सांगावीशी वाटते. गुरूंचे बोलणे मध्येच तोडू नये, हा संस्कार घरातून आणि शाळेतून आलेला असतो. सर बोलत आहेत म्हणून समोर दिसलेले विमान न सांगणारा विद्यार्थी मुळीच दुर्मीळ नाही. पहिल्याच दिवशी त्याला स्पष्ट शब्दांत हुकूम द्यावा की विमान दिसले की माझे वाक्य तोडून सांगायचे, मला ते आधीच दिसलेले असले तरी सांगायचे. आणि त्याने सांगितलेले विमान शंभर वेळा आपल्याला ठाऊक असले तरी शंभरही वेळा त्याची दखल घ्यावी. शिक्षक आणि विद्यार्थी दोघेही मराठी असले तर समजावणे खुशाल मराठीत असावे, परंतु ताब्याचे आणि धोक्याचे शब्द मात्र एकदा ठरवून तेच व तसेच वापरावेत. विद्यार्थ्यास डोळा म्हणून वाढवण्यामागे आणखीही एक कारण आहे. उद्या तो एकटा जाणार आहे. ८ जुलै २०२५ रोजी कॅनडाच्या मॅनिटोबा प्रांतातील स्टाइनबाकजवळ एकेकटे उडणारे दोन शिकाऊ वैमानिक उतरण्याच्या सरावात एकमेकांवर आदळून मृत्यू पावले, आणि त्यांतील एक भारतीय होता. दोन्ही विमानांत प्रशिक्षक नव्हता. एकट्याच्या उड्डाणास परवानगी देताना हात किती स्थिर आहे एवढेच पाहू नये. न विचारता त्याने किती विमाने दाखवली हेही पाहावे.

अलीकडे विमानांत इतर विमाने दाखवणारा पडदा असतो. १ जानेवारी २०२० पासून अमेरिकेतील मोठ्या विमानतळांच्या परिसरात आपली जागा प्रसारित करणारे यंत्र सक्तीचे झाले, व त्याचा उपयोग मोठा आहे. दूरवरचे विमान कोठे शोधावे हे तो पडदा सांगतो, आणि तेवढ्यापुरताच तो पाहावा. चित्र किंचित जुने असते, सर्किटच्या दाटीत खुणा एकमेकींवर चढतात, आणि तरुण विद्यार्थ्याचे डोळे तर पडद्याकडे विनासायास जातात. सर्किटमध्ये शिरल्यावर त्याकडे पाहणे बंद करावे, असे माझे स्पष्ट मत आहे.

शेवटी थकव्याविषयी. अमेरिकेच्या नियमांनुसार कोणत्याही चोवीस तासांत प्रशिक्षकास आठ तासांहून अधिक उड्डाणशिक्षण देता येत नाही. हे आठ तास ही वरची हद्द आहे. तितके भरलेच पाहिजेत असा तिचा अर्थ नव्हे. वाळवंटाच्या उन्हात किंवा आपल्या एप्रिल-मेच्या उकाड्यात, हेडसेट कानांवर घट्ट बसवून, सहाव्या तासाला जो माणूस आकाश तपासतो त्याची नजर सकाळच्या नजरेइतकी राहत नाही, आणि ते त्याला स्वतःला जाणवतही नाही. तासांवर वेतन मिळते, तासांवरच पुढची नोकरी मिळते, आणि बाहेर पुढचा विद्यार्थी पुस्तक छातीशी धरून उभा असतो. तेव्हा नकार देणे किती जड जाते हे मी जाणतो. तरीही, तरुण मित्रांनो, ज्या दिवशी रेडिओवरील मागची हाक आठवेनाशी होईल त्या दिवशी उरलेली उड्डाणे रद्द करा, त्या विद्यार्थ्यास कागद-पेन्सिल घेऊन शेजारी बसवा, आणि सर्किटमधील विमानांचा नकाशा त्याच्याकडून काढून घ्या. तोही त्याचा धडाच आहे, आणि त्याची रीतसर नोंद त्याच्या वहीत करा.